डॅशबोर्डला राहिलेलं भोक

चिरंजीव,

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात होतो, तेवढ्यात तू पिकअपचा हाताने ओढायचा चोक काढून ऑटोमॅटिक बसवलास. मला कशाला विचारायचं? गाडी फक्त माझी होती.

थंडीत इंजिन अडलं की सगळं घर माझ्या पलंगापाशी यायचं. चोक किती ओढायचा, इंजिन तापल्यावर कधी आत ढकलायचा, ते माझ्याच हाताला ठाऊक. आज सूनबाईने नुसती किल्ली फिरवली नि गाडी निघाली. मी पांघरुणातून ऐकलं. गरज सरो, वैद्य मरो.

चोकची मूठ काढलीस तिथे भोक राहिलं होतं. सूनबाईच्या गुडघ्याला गार वारा लागला असता. रबरी बूच बसवलंय.

मी तुझ्या ताईकडे राहायला जातोय. तिची गाडी अजून अडते.

बाबा