गालिच्याखालचं गटार

तीर्थस्वरूप दादांस,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं ऐकून बरं वाटलं. वहिनींचा खोकलाही गेला असेलच. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी आहे. तुमची बहीण सध्या तुमच्याकडेच असल्यामुळे तिची खुशाली तुम्हीच मला कळवावी हे योग्य. घडलेली हकिगत तिने सांगितली असेलच (ती थोडक्यात सांगते, त्यामुळे माझी बाजू नेहमी गळते), म्हणून पाणी समितीचा अध्यक्ष या नात्याने मी ती सविस्तर लिहीत आहे.

आमच्या गावाला नळाची नवी लाइन आणि बंद गटारं यांसाठी सरकारी निधी मिळायचा होता, आणि त्याआधी इंजिनियरबाई पाहणीला येणार होत्या. आता पाहुणा यायचा म्हटल्यावर माणूस काय करतो? घर आवरतो. आम्ही गाव आवरलं. आणि असं आवरलं, दादा, की तुमचाही ऊर भरून आला असता. मुख्य गल्लीतून वाहणारं उघडं गटार सुताराने एका दुपारात झाकलं. फळ्या कमी पडल्या तेव्हा लोकांनी आपापल्या घरांची दारं काढून दिली (आमच्या न्हाणीघराचं दार मी स्वतः दिलं, तुमच्या बहिणीचं या विषयावर वेगळं मत आहे), आणि त्यावर आम्ही समितीच्या ऑफिसातला लाल गालिचा अंथरला. नळाला एरवी एक दिवसाआड पाणी येतं, तेही आधी बराच वेळ खोकून, म्हणून टँकर मागवून टाकी काठोकाठ भरली. रांगेतले हंडे शाळेच्या एका वर्गात कोंडून कुलूप घातलं. गल्लीभर फिनेल तर इतकं ओतलं, की दोघांनी दवाखाना समजून तब्येतीची गाऱ्हाणी सुरू केली.

इंजिनियरबाई आल्या आणि गालिच्यावरून चालल्या. त्यांनी नळ सोडला तर पाणी एवढ्या जोरात आलं, की त्यांची बाही कोपरापर्यंत भिजली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या नळाला तेवढं पाणी आम्हीही पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे निदान टाळ्या तरी खऱ्या होत्या.

चहा आमच्याच घरी होता. सगळी समिती बसलेली. बाई म्हणाल्या की तुमचं गाव पाहून हेवा वाटतो. तेव्हा तुमची बहीण कपात चहा ओतता ओतता अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, जाताना तो गालिचा जरा उचलून बघा."

तिचंही बरोबर आहे. उजाडायच्या आत ती रांगेत उभी असते, आणि मागच्या पावसाळ्यात त्याच गटाराचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात शिरलं तेव्हा पीठ वाचवायला ती एकटीच होती (मी समितीच्या बैठकीत होतो, विषय गटाराचाच होता). पण दादा, गावाची अब्रू माझ्या हातात होती. मी मोठ्याने हसलो आणि म्हणालो, मनावर घेऊ नका, हिला थट्टेची सवय आहे. सगळे हसले. बाईही हसल्या, आणि गालिच्यावरूनच परत गेल्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ज्या गावाची अवस्था सगळ्यात वाईट, त्याला निधी आधी, असा नियमच आहे. शेजारच्या गावाने साधा झाडूसुद्धा मारला नव्हता. त्यांनी बाईंना दोन दगडांवरून गटार ओलांडायला लावलं, आणि आज तिथे पाइप पडत आहेत. आम्हाला मिळाली ढाल. आदर्श स्वच्छ गावाची. चांगली वजनदार आहे. ऑफिसात मी ती अशी लावली आहे की रस्त्यावरूनही दिसावी. ढाल आली त्याच संध्याकाळी तुमच्या बहिणीने बॅग भरली. दारात थांबून म्हणाली, "चारचौघांत मला खोटं पाडलंत. आता चारचौघांतच खरं करा, मग येईन."

एवढंच झालं. यात माझी नेमकी चूक कोणती हे मी शांतपणे शोधतो आहे. गावाचं नाव झालं, हे मात्र कुणी नाकारू शकणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
अध्यक्ष, (ढालविजेती) पाणी समिती

ता. क. इंजिनियरबाईंना मी फोन केला होता. थोडा निधी शिल्लक आहे आणि त्या पुन्हा यायला तयार आहेत. अट एकच: गाव तुमची बहीण दाखवणार आणि मी मध्ये तोंड उघडणार नाही. तेव्हा येत्या सोमवारपर्यंत तिला पाठवावं. गावाचा प्रश्न आहे, माझं काही नाही.

आणखी एक ता. क., आणि हा तिला वाचून दाखवू नये. काल गावच्या सभेत मी उभा राहिलो. लांबलचक भाषण पाठ केलं होतं, पण ऐनवेळी एवढंच बोलता आलं, की त्या दिवशी ती खरं बोलली होती आणि खोटं मी बोललो. वाटलं होतं, सभा हादरेल. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं. मागे बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकीने तिथल्या तिथे तुमच्या बहिणीला फोन लावला. दादा, भर समितीपुढे खरं बोलायची छाती आख्ख्या गावात एकटीला होती, आणि ती माझी बायको आहे, याचा मला त्या ढालीपेक्षा जास्त अभिमान वाटतो. हे तिला मी कधी म्हणालो नाही. तो फोन आला तेव्हा ती हसली का, एवढं मात्र लगेच कळवा.