न झालेला पेपर

९ सप्टेंबर

ती. मामा यांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून लिहूनच कळवते. मी गणिताचा पेपर पुन्हा देणार आहे. मार्चमध्ये, बाहेरून. फॉर्म काल भरला. आईला सांगून झालं आहे. ती भाजी चिरत राहिली, त्यावरून काय ते समजा.

चष्म्याच्या दुकानात मला आता तीन वर्षं झाली. काचा घासायचं मशीन मी डोळे मिटून चालवेन (चालवत नाही, काळजी नको). पण आतल्या खोलीत शिकलेल्या मॅडम बसून गिऱ्हाइकाचा नंबर काढतात आणि मी बाहेर त्यांचा कागद वाचून काचा कापते. मला त्या आतल्या खोलीत बसायचं आहे. डोळे तपासायचा तो कोर्स मला शाळा संपल्या संपल्याच करायचा होता, तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा गणितात ऐंशी हवे होते आणि माझे शहात्तर होते.

आता कोर्सवाली संस्था म्हणते, महामारीच्या वर्षी ज्यांना शाळेने अंदाजाने मार्क दिले, त्यांचे ते मार्क आम्ही धरत नाही, लेखी पेपर देऊन या. आमच्या दुकानाचे मालक तर आमच्या बॅचला बिनपेपरचे म्हणतात. परवा माझ्या हातून एक फ्रेम तुटली, तर गिऱ्हाइकाला म्हणाले, हिची परीक्षाच झाली नव्हती, सांभाळून घ्या. गिऱ्हाईक हसलं. मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू चेहऱ्यावर तसंच अडकून होतं.

परीक्षा पुन्हा कडक झाली आहे. कापलेले धडे परत आले, सूत्रांचा कागद देत होते तो बंद झाला, जास्तीचे पर्यायी प्रश्नही गेले. शिवाय नवे मार्क आले की जुने पुसले जातात, मग ते वाढोत की घटोत. तेव्हा तुमच्याकडचे जुने पेपर पाठवा. सोबत दोन शिव्याही पाठवल्यात तर चालतील. शाळेत तुम्ही सर होतात तेव्हाच्या शिव्यांनीच मला त्रिकोणमिती आली.

लोभ आहेच, तो पेपरांसकट पाठवावा.

तुमची,
भिंगरी

२० सप्टेंबर

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. माझं मत विचारशील तर या भानगडीत पडू नकोस. चार वर्षांत गणिताचा हात जातो. हल्ली तपासणीही फार कडक आहे. त्या वर्षी सगळीकडे मार्क फुगले, आता मंडळ दरवर्षी थोडी थोडी हवा काढतं आहे. तुझ्याबरोबर पेपरला बसणारी मुलं रोज वर्गात बसलेली असतील. नापास झालीस तर शहात्तरही गेले. शहात्तर काही कमी नाहीत.

दुकानात तुझं बरं चाललं आहे. मालक बोलतात ते सोडून दे, त्यांची तोंडाची सवय दिसते. जुने पेपर मी घर बदलताना रद्दीत घातले.

मला अलीकडे एका जागी बसवत नाही. संध्याकाळी दोनदा फिरून येतो. ताईला नमस्कार सांग. माझ्यावर राग धरू नये.

तुझा,
मामा

२८ सप्टेंबर

ती. मामा,
सा. न.

राग नाही, पण नवल वाटलं. वर्गात ताप आलेल्या मुलालाही तुम्ही म्हणायचात, पेपर देऊन मग पड. तेच तुम्ही मला बसू नको म्हणता. आणि तुम्ही पेपर रद्दीत घालाल हे मला पटत नाही. तुम्ही औषधांच्या रिकाम्या बाटल्याही टाकत नाही.

माळ्यावरून माझ्या त्या वर्षीच्या चाचण्या काढल्या. चाळिसात सदतीस, छत्तीस, एकदा एकोणतीस, मग अडतीस. तेव्हा मी बेरीजच केली नव्हती. काल केली. मामा, मी तुम्हाला सरळ विचारते. माझे खरोखर शहात्तर होत होते का? वर्गाच्या मार्कांची यादी तुम्हीच केली होती, म्हणून दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

उत्तराची वाट पाहते.

भिंगरी

११ ऑक्टोबर

चि. भिंगरी,
आशीर्वाद लिहायचा हक्क आज मला आहे की नाही, ते पत्र वाचून तू ठरव.

नव्हते होत.

त्या वर्षी मंडळाचं पत्र आलं की परीक्षा होणार नाही. शिक्षकांनी वर्षभराच्या कामावरून मार्क द्यावेत, मुलांची क्रमाने यादी करावी, आणि शाळेचा निकाल मागच्या तीन वर्षांपेक्षा वर जाता कामा नये. आपल्या शाळेत गणितात ऐंशीच्या वर दरवर्षी सहाच जण जायचे. म्हणजे तुमच्या बेचाळीस जणांत माझ्यापाशी तशा सहा जागा होत्या. माझ्या वहीत तू चौथी होतीस. अंदाज चौऱ्याऐंशीचा.

त्याच आठवड्यात रसायनाच्या सरांवर तक्रार आली की त्यांनी पोटच्या मुलाला भरमसाट मार्क दिले. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. एवढंच म्हणाल्या, तुमची भाची आहे ना या वर्गात, जरा बघा. म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर यादी पसरली. तुला सहावी केली. सहावीलाही ऐंशी मिळत होते. तरी वाटलं, कोणी बोट दाखवेल. मग सातवी केली, मग नववी. नवव्या जागेला शहात्तर बसत होते. सही करताना मला स्वतःचा अभिमान वाटला, की आपण घरच्यांना झुकतं माप दिलं नाही. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

निकाल पाहून तू मला म्हणाली होतीस की तुम्ही मला कमी देणार नाही, म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं असेल. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा फेरविचाराचा अर्ज करायला पंधरा दिवस होते. मी ते पंधरा दिवस मोजून जाऊ दिले.

तुला पेपरला बसू नको म्हटलं ते तुझ्या काळजीने नव्हे, माझ्या भीतीने. तुला नव्वद पडले तर मी तुझ्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहणार होतो?

जुने पेपर रद्दीत गेलेले नाहीत. सोबत पाठवतो. लोभाची गोष्ट मी काढत नाही.

मामा

२ डिसेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद. नातं तुटलेलं नाही म्हणून लिहिते.

तुझं पत्र तिने मला वाचायला दिलं आणि कामावर निघून गेली. तेव्हापासून घरात तुझं नाव निघालेलं नाही. पहाटे पाचला उठते, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून उभ्यानेच गणितं सोडवते. बस म्हटलं तर म्हणते, बसलं की डोकं चालत नाही. जेवणाकडे लक्ष नाही. दोनदा डबा विसरून गेली.

मी तुझ्यावर फार चिडले आहे. शेजाऱ्याची मुलगी असती तर तिला तू चौथीच ठेवली असतीस. माझी म्हणून ती नववी झाली. लहानपणी तुझ्या वाटणीचा मार मी खाल्ला, तो काय यासाठी? चार वर्षं माझी पोर समजत राहिली की आपल्याला गणित येत नाही, आणि मीही तिला तेच समजावत राहिले.

पाकिटात तिने स्वतः सोडवलेल्या गणितांचे चार कागद घातले आहेत. मी विचारलं नाही, तूही मला विचारू नकोस. स्वेटर घालत जा.

ताई

१९ डिसेंबर

तुम्ही तपासलेले कागद मिळाले. प्रत्येक पानावर वर गोल करून मार्क लिहिले आहेत. मार्क घालू नका. चूक असेल तिथे फक्त खूण करा, बरोबर काय ते मी शोधेन. आणखी सहा पानं पाठवते आहे.

४ जानेवारी

चि. भिंगरी,

मार्क घातले नाहीत. दुसऱ्या पानावर एक खूण आहे, पाचव्यावर तीन. संभाव्यतेत तू घाई करतेस. कागद येतात त्या दिवशी मी फिरायला जात नाही.

मामा

३० मे

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

निकाल लागून पंधरा दिवस झाले. आईने कळवते म्हटलं, मी थांबवलं. सत्त्याहत्तर पडले.

आधी पेपरचं सांगते. शाळेच्या बाकात माझे गुडघे मावेनात. शेजारच्या मुलीने मला पर्यवेक्षक समजून पुरवणी मागितली. संभाव्यतेचं सहा मार्कांचं गणित सुटलं नाही, सोडून दिलं. शेवटची घंटा झाली तेव्हा सगळी मुलं वैतागून पेपरला नावं ठेवत होती, आणि मी मात्र जागेवरून उठत नव्हते. घंटा होऊन पेपर हातातून काढून घेतात, हे माझ्याबाबतीत एकदा व्हायला हवं होतं.

सत्त्याहत्तर म्हणजे ऐंशीला तीन कमीच होते. मग संस्थेची यादी लागली. तपासणी कडक झाल्यामुळे सगळ्यांचेच मार्क उतरले, म्हणून त्यांनी ऐंशीची अट चौऱ्याहत्तरवर आणली. मला प्रवेश मिळाला आहे. वर्ग सकाळी, दुकान दुपारनंतर. मालकांनी पेढ्यांऐवजी नवीन फ्रेम दिली आणि त्या दिवसापासून बॅचचं नाव काढलेलं नाही.

आता मुद्द्याचं. इतके दिवस मी चौऱ्याऐंशी, शहात्तर आणि सत्त्याहत्तर मनात घोळवत होते, खरे कोणते म्हणून. हे सत्त्याहत्तर एकवीस वर्षांच्या बाईचे आहेत, जी उभ्याने अभ्यास करत होती आणि जिच्या डोक्यात दुकान होतं. सतराव्या वर्षीच्या मुलीचा पेपर झालाच नाही. तिला किती पडले असते हे तुम्हाला माहीत नाही, मला नाही आणि मंडळालाही नाही. तेव्हा आपला शहात्तरचा अंदाज खरा निघाला, असं मनातही आणू नका. माझे आठ मार्क तुम्ही खाल्ले, हेही आता उगाळू नका. तुम्ही मला चौथी मानत होतात आणि ते सांगायला घाबरलात, एवढंच मला पक्कं माहीत आहे. राग मार्कांचा नव्हताच. चार वर्षं मी स्वतःला ढ समजत होते आणि तुम्ही समजू दिलंत, त्याचा आहे. अजून आहे.

आई म्हणते, त्याला बोलवायचं तर मी बोलावते. मी म्हटलं, नको, मीच लिहिते. येत्या रविवारी जेवायला या. मी पूर्वीसारखी बडबडेन असं कबूल करत नाही. कदाचित ताटाकडे बघत जेवेन. पण दार मी उघडेन.

लोभ मध्यंतरी आटला होता, नाही म्हणत नाही. आहे तेवढा असू द्यावा.

तुमची,
भिंगरी