बारा इंची की सोळा इंची

प्रिय देवू,

मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. इथे कॅनडात, किचनरला अजून बर्फ हटलेला नाही. सार्थक-नीरजा ऑफिसला आणि ईरा शाळेत गेली की घरात मी आणि घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर. दार आतून उघडतं गं, पण उघडून जायचं कुठे?

सहा महिन्यांसाठी आले, त्याला अकरा झाले. परत जायचं म्हटलं की लेकाचं तोंड एवढंसं होतं. हे गेले तेव्हा मी घरात एकटी होते, ते त्याच्या मनातून जात नाही. मग दिवाळीत मी एक दीडशहाणपणा केला. सरळ बोलायचं सोडून कुरकुर केली, की बाबा रे, त्या टबात उभं राहून मला आंघोळ जमत नाही, मला बादली-तांब्या लागतो, मी आपली सांगलीलाच बरी. घे! आपल्याच पायावर धोंडा. पठ्ठ्याने बेसमेंटमध्ये माझ्यासाठी वेगळं बाथरूमच काढलं. बसायला चौरंग, बादलीच्या उंचीला नळ.

नळाचे कनेक्शन पाइप घ्यायला मलाच दुकानात घेऊन गेला. आई, तू एक्स्पर्ट, तूच सिलेक्ट कर, म्हणाला. ह्यांच्या नळांच्या दुकानात बावीस वर्षं बसले ना मी! भिंतभर स्टीलच्या जाळीचे लवचिक पाइप. बारा इंची, सोळा, वीस. सार्थकच्या हातात बारा इंची होता. पुरला असता, पण ताठ. ताणून बसवलेला पाइप वर्षाच्या आत वायसरापाशी गळायला लागतो, हे ह्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलेलं. देवू, तुझ्यापासून काय लपवू, मनात पाप आलं. गळू दे मेला, म्हटलं, बाथरूम बिघडलं की मी सुटले. पण हात काही धजेना. सोळा इंचीच काढून दिले, आटे तपासून. वर, बसवताना पीळ पडू देऊ नकोस, असंही बजावलं.

काल नळ सुरू झाला. थेंबभर गळत नाही. आता वीस वर्षं बघायला नको, असं सार्थक हसत म्हणाला आणि मला रडूच फुटलं. त्याला वाटलं, आनंदानेच रडतेय.

फोनवर हे बोलता येत नाही, तो नेहमी स्पीकरवर असतो. म्हणून हे पत्र. मिळालं की सार्थकला फोन कर. माझी ताई मला अक्षय्य तृतीयेच्या आत इथे हवी, असं ठणकावून सांग. मावशी आहेस, हवं तर भांड. फक्त एवढं कर, त्याच्यासमोर मला विचारू नकोस. विचारलंस तर, छे गं, मला इथे काय कमी आहे, असंच माझ्या तोंडून निघेल.

तुझीच,
प्रमिलाताई