मागच्या रस्त्याने

४ मार्च

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

काल तुला न भेटताच परत आले, कारण तोंडावर भांडण झालं असतं. भेटीची चिठ्ठी घेताना तुरुंगाच्या कारकुनांना सहज विचारलं, की जन्मठेपेच्या कैद्याला दयेचा अर्ज कधी करता येतो. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि म्हणाले, तुमच्या भावाची नियमाची वर्षं दोन वर्षांपूर्वीच भरली, फॉर्मही नेलाय त्यांनी. मी इकडे शिलाई मशीनवर बसून बोटांवर वर्षं मोजतेय, आणि तू मात्र दोन वर्षं लिहितोयस की सुतारखात्यात नवा रंधा आला, खोकला बरा आहे! मूग गिळून बसायची तुझी खोड जुनीच. अर्ज का केला नाहीस ते सरळ लिही.

रागातही तुझीच,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

राग पोचला. फॉर्म गादीखाली आहे. त्यात विचारलंय, सुटल्यावर कुठे राहणार. तुझ्या दोन खोल्यांशिवाय मला पत्ता नाही, आणि तुझ्याकडे भाचीसाठी स्थळं बघणं चाललंय. बाहेरच्या खोलीत मी बसलेला दिसलो, तर पाहुण्यांना काय सांगशील?

पण खरं सांगू, ते निमित्त आहे. त्या भांडणात मी पटाशी उचलली नसती, तर माझ्या हातून गेलेला तो पोरगा आज चाळिशीचा असता. बाजाराची वाट त्याच्या आईच्या दारावरून जाते. रोज तिच्यासमोरून कोणत्या तोंडाने जाऊ? म्हणून फॉर्म कोराच आहे.

जीव जाळू नकोस.
दादा

२ एप्रिल

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीने पहिल्याच भेटीत मुलाच्या घरच्यांना सगळं सांगून टाकलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मामा काम काय करतो. सुतार आहे म्हटल्यावर म्हणाले, आमचं मागचं दार कित्येक वर्षं नीट लागत नाही. लग्न ठरलंय, आणि दार तुझ्या नावावर आहे.

मग धीर करून त्या गेलेल्या मुलाच्या आईंकडे गेले. त्यांनी बस म्हटलं नाही. मी माफी मागायच्या आधीच म्हणाल्या, की माफ करणार नाही. दार लावता लावता मात्र म्हणाल्या, सुटायचा तर सुटू दे, पण माझ्या गल्लीतून त्याने कधी जायचं नाही. घरी येऊन मी खूप रडले.

दादा, काल मी मागच्या रस्त्याने बाजारात जाऊन पाहिलं. दहा मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

उत्तराची वाट बघणारी,
धाकटी

१० एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अर्ज दिला. पत्ता तुझा लिहिला. सुटल्यावर पाळायच्या अटी छापलेल्याच असतात. त्यांच्याखाली मी हाताने एक लिहिली, की त्या गल्लीतून कधी जाणार नाही. कारकून म्हणाले, अशी अट नियमात नाही, खोडून टाका. मी म्हटलं, राहू द्या.

निकाल काय लागेल कोण जाणे. वर्षही जाईल म्हणतात. भाचीला सांग, दाराचं माप घेऊन ठेव.

आणि मागच्या रस्त्याला कोणती दुकानं लागतात, वळणं किती, सावली कुठे आहे, ते सविस्तर लिही. आता तोच माझा रस्ता.

माया आहे तशीच राहू दे.
दादा