शेवटच्या टप्प्यावरची जळू

प्रिय फुंक्या,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. सामानाची गाडी गुरुवारी तुमच्याकडे वर येते आणि ड्रायव्हरकाका पाकीट तुझ्याच हातात द्यायला कबूल झालेत, म्हणून आज हे संपवायलाच हवं. तुझ्या तिथे रेंज नाही ते एका परीने बरंच आहे. फोनवर मी पहिल्या मिनिटात थंडी किती, खोकला कसा यावर घसरले असते, दुसऱ्या मिनिटात तू हसवलं असतंस, की संपलं.

तर तू रविवारी निघतोयस. दोन विद्यार्थिनी, एक तंबू, आणि बर्फ पडायच्या आत तळ्यापर्यंत चढून दुसरी जळू घेऊनच उतरायचं असा पण. 'एक सापडली तर अपघात, दोन सापडल्या तर वस्ती' हे सरांचं वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंयस, म्हणजे सरांनी या वेळी तुला चांगलंच पिळलेलं दिसतंय. त्यांचंही चुकत नाही. तीन हजार सातशे मीटरवर रक्त पिणारी जळू, तीन वर्षांत दुसरी कोणाला दिसली नाही, आणि तुझं सगळं प्रोजेक्ट त्या एकटीच्या पाठीवर उभं. जळवा वर सरकतायत म्हणजे डोंगर गरम होतोय, एवढं सगळं तिच्यावरून म्हणायचं. आणि शेवटी लिहितोस, तूही चल, ती सापडली तो दगड नेमका कुठला ते आपल्या दोघांनाच ठाऊक.

ठाऊक आहे. पण मी येत नाही.

इथलं विचारशील तर सगळं जागच्या जागी आहे. लॅब तीच, खिडकी तीच, ती अजून लागत नाही आणि तिच्या फटीत मी तुझाच जुना रुमाल कोंबलाय. आई परवा येऊन गेली. आल्या आल्या माझ्या पोटऱ्या बघितल्या, एकही डाग नाही म्हटल्यावर म्हणाली, चला, रक्त आटवून शिकायचं संपलं वाटतं. तुझी चौकशी केली. 'तो पालापाचोळ्यावर फुंकर मारणारा मुलगा' अशी. मी म्हटलं, मजेत आहे, आता त्याच्या हाताखाली फुंकर मारणाऱ्या आणखी दोघी आहेत.

ते फुंकणं आठवतंय ना तुला? पहिल्या सीझनला मी तुझ्याकडे बघून सरळ ठरवलं होतं की हा माणूस डोक्याने अधू आहे. गुडघे टेकून, नाक पाचोळ्याला लावून हळूच श्वास सोडायचास, आणि दोन सेकंदांत चारी बाजूंनी काड्या उभ्या राहाव्यात तशा जळवा उभ्या राहायच्या. डोलायच्या. मला म्हणालास, बघ, जगात माझ्या श्वासाची इतकी ओढ कोणालाच नाही. मी म्हटलं, दात घासलेस तर आणखी कोणाला लागेल. त्या दिवसापासून तू फुंक्या झालास.

लोक म्हणतात जळूसारखा चिकटला. ज्यांनी जळू कधी जवळून बघितली नाही तेच हे म्हणतात. पोट भरलं की ती आपणहून सुटते आणि महिनोन्‌महिने कोणाच्या वाटेला जात नाही. चिकटून राहतात ती माणसं.

खालच्या ओढ्यात आपल्याला चार प्रकारच्या मिळाल्या होत्या. रानात चोवीसशे मीटरवर दोन. एकतीसशेवर, जिथे झाडं खुरटायला लागतात, तिथे एकच, ती पण दगडांच्या ओल्या बाजूला, थंडीने अर्धमेली. आणि पार वर तळ्याच्या पाण्यात ती चपटी, जी रक्ताच्या वाटेला जातच नाही, गोगलगायींवर जगते आणि पिल्लं पोटाखाली धरून फिरते. तिला पहिल्यांदा पालथं केलंस तेव्हा खाली तीस-चाळीस ठिपके हलत होते. मग तिला होती तिथे ठेवून दिलंस आणि वहीत लिहिलंस, 'बघितली, घेतली नाही.' सरांनी त्यावरून तुला केवढं झापलं. मला विचारशील तर तू मला त्या ओळीपासून आवडायला लागलास. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलेलं हे एवढं एकच नाही.

आपला एक नियम होता, तुझाच. प्रत्येक टप्पा सोडताना बूट काढायचे, मोजे उलटे करायचे, आणि आपले आपण तपासायचे नाहीत, दुसऱ्याने तपासायचे. स्वतःची टाच स्वतःला दिसत नाही, असं तुझं म्हणणं. खालची जळू चुकून वर गेली तर अख्खा डोंगर खोटा ठरेल म्हणायचास. खेचरवाले काका हसून लोळायचे. म्हणायचे, आम्ही लग्नात एकमेकांचे पाय बघितले नाहीत इतके तुम्ही रोज बघता. सगळं तपासून झालं की तू वहीत उंचीसमोर बरोबरची खूण करायचास. दोन सीझन, एकशे अठरा खुणा. मी मोजल्यात.

शेवटच्या दिवशी परवान्याचे काही तास उरले होते. एकतीसशेवर तू बूट काढलेस, मी तुझे मोजे बघितले, आणि माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, माझे बघितले मी, चल लवकर. तू माझ्याकडे बघितलंस. मी जरा चिडूनच म्हटलं, अरे विश्वास नाही का? तू खूण केलीस.

माझी टाच सोलवटली होती, फुंक्या. नवे बूट. दोन दिवस मी ती लपवत होते. मोजा रक्ताने वाळून कातडीला चिकटला होता. तू ते बघितलं असतंस तर तिथूनच परत फिरला असतास, मला पाठीवर घेतलं असतंस, आणि वरच्या टप्प्याचा रकाना कोरा राहिला असता. एक वर्षाचा कोरा रकाना, माझ्या टाचेपायी. मला वाटलं, सहाशे मीटर काय, दात-ओठ खाऊन चढेन. चढले.

वर तळ्याशी तू पाणी बघायला गेलास आणि मी दगडावर बसून बूट काढला. मोजा ओढला तशी आतून ती घरंगळली. टम्म फुगलेली, द्राक्षासारखी. मी काही विचार केला नाही. घरात अंगावर चढलेलं झुरळ आपण झटकतो तशी बोटाने मागे उडवली, मोजा चढवला, बूट बांधला. मला त्या क्षणी एवढीच भीती होती की तू टाच बघशील.

दहा मिनिटांनी तू येऊन माझ्याशेजारचा दगड उलटलास.

तुझी आरोळी अजून माझ्या कानात आहे. थंडीने बोटं वळत नव्हती तरी चिमट्याने तिला उचललंस, ट्यूब माझ्या नाकाशी आणून म्हणालास, खाऊन बसलीये बघ! म्हणजे वर नुसती पोचली नाही, तिला इथे जेवायलाही मिळतंय! रडत होतास तू. खेचरवाल्या काकांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, इथवर चालत आली ही? आमच्या खेचरांना दम लागतो. आणि तू म्हणालास, काका, तिला कुठे ओझं वाहायचं असतं. सगळे हसले. मीही हसले.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, त्यात तू पाच मिनिटं हिरमुसला असतास, फार तर संध्याकाळपर्यंत. पण तोवर माझ्या मनाने दुसरंच सुरू केलं होतं. कदाचित ही ती नसेल. मी उडवली ती मागे, ही सापडली ती बाजूला. जळू दहा मिनिटांत हातभर सरकते, हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं, पण त्या दिवशी मी ते स्वतःला कळू दिलं नाही. आणि उतरताना वळणावर थांबून तू विचारलंस की आपण दोघांनी एकत्र राहायचं का. इतका आनंदात होतास की तुला नाही कोण म्हणेल. मी म्हटलं, बघू. तुला वाटलं मी भाव खातेय.

पेपर लिहिताना मी माझं नाव काढायला लावलं तेव्हाही तू वाद घातलास. म्हणालास, एवढा कसला राग? मग सगळ्यांना सांगत सुटलास की ही किती मोठ्या मनाची, श्रेय सोडून दिलं. ते ऐकून मी दोन महिने तुझे फोन घेतले नाहीत. तुला ते कधी उलगडलं नाही, आणि कसं उलगडणार.

गेल्या महिन्यात जुना फ्रीजर रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. तुझी जळू संग्रहालयाच्या बाटलीत गेली, पण वर जिच्यात टाकली होतीस ती पहिली ट्यूब तशीच पडली होती, तुझ्या वाकड्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. तळाशी तपकिरी कण. अल्कोहोलमध्ये पडताना तिने थोडं रक्त ओकलं होतं. पोटातल्या रक्तावरून प्राणी ओळखायचं काम आमच्या टेबलावर रोज चालतं. तू पेपरात 'बहुधा रानशेळी' लिहिलंयस. मी मनापासून प्रार्थना केली की रानशेळी निघू दे. माणूस निघाला. तरी मी स्वतःला म्हटलं, कोणी मेंढपाळ असेल. मग कापसाचा बोळा स्वतःच्या गालाच्या आतून फिरवला आणि नंबर घालून, कोणाचा ते न सांगता, शेजारच्या टेबलावर दिला. काल कागद आला. ते रक्त माझं आहे.

कागद सोबत जोडलाय. त्या दिवशी काय झालं ते तारीख-वेळेसकट एका पानावर लिहून खाली सही केली आहे, तेही आहे. बाकीच्या चारशे बारा जळवा खऱ्या आहेत, मी एकेक नोंद पुन्हा तपासली. रक्त पिणाऱ्या सगळ्या एकतीसशेवर थांबतात, आणि तिथवरचं तुझं काम कोणी हलवू शकत नाही. त्या पोरींना घेऊन बर्फाच्या तोंडावर तळ्याशी जाऊ नकोस. जे शोधायचंय ते तिथे नाही, कधीच नव्हतं. सरांना मी अजून काही कळवलेलं नाही. चूक माझी आहे, पण पेपरावर नाव तुझं आहे, आणि तो तू स्वतः मागे घेतलास तर लोक म्हणतील माणूस सरळ आहे. माझ्याकडून बाहेर आलं तर म्हणतील पकडला गेला. म्हणून आधी तुला लिहिलं, तुला एकट्याला. परतीच्या गाडीने निरोप दे. तो आला नाही तर पुढच्या गुरुवारी हीच दोन पानं मी सरांच्या टेबलावर ठेवीन. त्यानंतर माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझ्यावर, मी धरून बसणार नाही.

तुझीच, जिने त्या दिवशी पाय दाखवायला हवा होता