मावशीच्या रेकॉर्डमधला हेलकावा

४ मार्च, मंगळवार

पुन्हा उडाली! बाबांनी कौतुकाने आणलेल्या नव्या रेकॉर्ड-प्लेयरची सुईची दांडी इतकी हलकी आहे, की तबकडीच्या काठाजवळचा उंचवटा आला की सुई चक्क उडी मारते. जुन्या प्लेयरची दांडी जड होती. ती निमूटपणे चढ चढायची आणि उतरायची. तो बिचारा आता कायमचा बंद पडला आहे.

मावशी कंबरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. “एवढी पुस्तकं वाचतेस, एक रेकॉर्ड सपाट करता येत नाही? तेवीस तारखेला संगीत मंडळात ‘माझे गुरू’ कार्यक्रम आहे. सगळे आपापल्या गुरूंविषयी बोलणार. माझी गुरू या रेकॉर्डच्या पाकिटात राहते, बाई!”

ते खरेच आहे. तिला गाणे शिकवायला कोणी मिळाले नाही. ही तबकडी दुकानाच्या खिडकीत उन्हाने वाकलेली, म्हणून जवळजवळ फुकट मिळाली. त्या गायिकेची दुसरी तबकडी कोणी पाहिलेली नाही. हीच ऐकून ऐकून मावशी गायला शिकली — आणि तो हेलकावाही. लांब धरलेला स्वर मध्येच किंचित बुडतो आणि पुन्हा वर येतो. मावशीला लोक त्याच्यावरून ओळखतात. आमच्या बाहेरच्या खोलीत तिच्या विद्यार्थिनी तासन् तास तोच घोटत असतात.

मी त्यांच्यात नाही. लहानपणी काही दिवस बसले होते. मावशी म्हणाली, “तुझा स्वर दोरीवरच्या कपड्यासारखा हलतो गं! सरळ धर!” सगळ्या मुली हसल्या. मी पुस्तक धरले, ते आजतागायत सोडलेले नाही. राग नाही, केवळ नोंद.

७ मार्च, शुक्रवार

पहिला उपाय — वजन. तबकडीवर शब्दकोश, त्यावर विश्वकोशाचे खंड. बाबा म्हणाले, “एवढं ज्ञान अंगावर पडलं तर कुणीही सरळ होईल.”

आज काढून पाहिली. ज्ञानाचा काडीमात्र परिणाम झालेला नाही.

१२ मार्च, बुधवार

दुसरा उपाय — उष्णता. ग्रंथालयातल्या पुस्तकात ‘मंद आच’ एवढेच लिहिले आहे. मंद म्हणजे किती, हे लेखकाने वाचकाच्या नशिबावर सोडले असावे. सावधगिरी म्हणून आधी एक टाकाऊ तबकडी घेतली — कवायतीच्या हुकुमांची. ओव्हनमध्ये ठेवली. दार उघडले तर तिचा वाडगा झालेला!

आई म्हणाली, “आता मावशीच्या गुरूलाही भाजणार का?” बाबा त्या वाडग्यात किल्ल्या ठेवू लागले आहेत.

एक मात्र कळले. ऊब हवी, पण तबकडी मोकळी नको. तिला वाकायला जागाच उरता कामा नये.

१५ मार्च, शनिवार

तसबिरीवाल्याकडून दोन जाड काचा आणल्या. मध्ये तबकडी. गच्चीत दुपारचे ऊन दिले, मग सावलीत आणून वर विश्वकोश ठेवला. पूर्ण गार होईपर्यंत उघडायचे नाही, असे स्वतःला बजावले. पुस्तक घेऊन शेजारी बसले आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

सपाट! टेबलावर ठेवली तर काठाखालून कागदाचा कपटाही सरकेना!

१६ मार्च, रविवार

मावशी बाहेर गेली असताना लावून पाहिली. सुई उडाली नाही. लांब स्वर आला — आणि सरळ गेला.

पुन्हा लावली. पुन्हा सरळ. बुडणे नाही, वर येणे नाही. माझ्या हातून तबकडी बिघडली, असेच वाटले. पण बाकी गाणे स्वच्छ होते, पूर्वी कधी ऐकले नव्हते इतके.

मग उलगडले. हेलकावा गायिकेचा नव्हताच! सुई उंचवट्यावर चढायची, तेव्हा स्वर हलायचा; लांब स्वरात ते ठळक ऐकू यायचे. मावशी आयुष्यभर तबकडीचा बाक गात आली.

“झाली का?” — मावशी दारात.

“थोडी बाकी आहे,” मी म्हणाले.

१८ मार्च, मंगळवार

काचांशिवाय उन्हात ठेवली तर पुन्हा वाकेल. कोणाला कळणार आहे? घेऊन गच्चीत गेलेही. तशीच खाली आणली. ती वाकेल, पण तिला हवी तशी वाकेल. जुना हेलकावा काही परत येणार नाही.

गप्प राहावे, तर मंडळात सगळ्या विद्यार्थिनींसमोर ती तोंडघशी पडेल. सांगावे, तर तिची गुरू मीच हिरावून घेतल्यासारखे होईल.

२० मार्च, गुरुवार

तोंडाने सांगायचे नाही, असे ठरवले. सुई ठेवली, एवढेच.

मावशी हात पुसत आली आणि नेहमीप्रमाणे गायिकेबरोबर गुणगुणू लागली. लांब स्वर आला. सवयीने मावशीचा बुडाला. तबकडीचा सरळ पुढे गेला. दोन स्वर एकमेकांना खटकन लागले.

“सुई नीट आहे ना?”

“आहे.”

“मग इतकी वर्षं...”

“उंचवटा होता, मावशी.”

ती खुर्चीत बसली. म्हणाली, “म्हणजे हे मला हिने शिकवलंच नाही.”

संध्याकाळी तिने विद्यार्थिनींना दारातूनच परत पाठवले.

२१ मार्च, शुक्रवार

 जेवताना बाबांनीही विनोद केला नाही.

२३ मार्च, रविवार

मावशी येणार नाही म्हणेल, असे वाटले होते. तबकडी छातीशी धरून निघाली!

मंडळात लावली. लांब स्वर सरळ गेला. विद्यार्थिनी एकमेकींकडे पाहू लागल्या. मंडळाचे चिटणीस मोठ्याने म्हणाले, “मग बाई, तो हेलकावा आला कुठून?”

“दुकानाच्या खिडकीतल्या उन्हातून. रेकॉर्ड वाकली होती, मी वाकडंच शिकले.”

सभागृह खो खो हसले. मी मान खाली घातली. ती हसू ओसरेपर्यंत थांबली आणि गायली. स्वर बुडाला — नेहमीपेक्षा खोल, आणि अजिबात घाई न करता वर आला. मघाशी हसलेले आता पुढे वाकून ऐकत होते.

परतताना एवढेच म्हणाली, “दुसऱ्याचं म्हणून जपत होते गं मी.”

२५ मार्च, मंगळवार

विद्यार्थिनी गेल्यावर मावशी माझ्या खोलीत आली. “पानात खूण घाल आणि बाहेर ये.” समोर बसवले. “स्वर लाव.” लावला. हलला. मी लाजून थांबले.

“थांबलीस का? सरळ हवाय म्हणाले का मी?”