येस टाइप करण्याआधी

आई, तू अमेरिकेत, कॅरीला आमच्याकडे सहा महिने राहिली होतीस, तेव्हाची एक सकाळ आज दिवसभर डोक्यात आहे. किचनच्या ओट्यावर माझा लॅपटॉप, शेजारी तुझा चहा. निवृत्त होऊनही नागपूरच्या तुझ्या शाळेची दहावीची सराव परीक्षा तू सोडली नव्हतीस, आणि इथे बसून काढलेला गणिताचा पेपर तिकडच्या आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर पोचवायचा होता. मी म्हटलं, ईमेल कर. "ईमेलवरून पेपर फुटतो," तू म्हणालीस. व्हॉट्सअ‍ॅपचं तर नाव काढायची सोय नव्हती. मग ऑफिसात आम्ही करतो तसं तुला शिकवलं: काळ्या स्क्रीनवर एकाच ओळीत फाइलचं नाव, तिकडच्या कॉम्प्युटरचा पत्ता, शेवटी कोलनची दोन टिंबं, आणि एंटर. अशी पाठवलेली फाइल वाटेत कोणाला वाचता येत नाही. पहिल्यांदा तू कोलन विसरलीस आणि मशीनने कुरकुर न करता पेपरची एक कॉपी त्या पत्त्याच्याच नावाने इथेच बनवून ठेवली. "म्हणजे पाकिटावर पत्ता लिहिला आणि पाकीट घरातच ठेवलं," असं म्हणून तू वहीत उतरवून घेतलेल्या ओळीतल्या कोलनभोवती लाल पेनाने गोल काढलास.

दुसऱ्यांदा कोलन होता, पण मशीनने अक्षरांची एक लांबलचक ओळ दाखवून विचारलं: समोरचा कॉम्प्युटर तोच आहे याची खात्री देता येत नाही, तरी पुढे जायचं का? "येस टाइप कर," मी म्हटलं. "का?" "सगळे तेच करतात." तू चष्मा काढलास. "सगळे करतात, हे कुठल्या प्रमेयात बसतं?" आणि मग ते प्रकरण मी पहिल्यांदा ऐकलं. नोकरीच्या सुरुवातीला एक माणूस येऊन म्हणाला, मुख्याध्यापकांनी पाठवलंय, आणि तू पेपरचं पाकीट त्याच्या हातात दिलंस. परीक्षेआधी पेपर गावभर. वर्षभर स्टाफरूममध्ये तुझ्याशी कोणी धड बोललं नाही. "खाली जाऊन नुसतं विचारायचं होतं," तू म्हणालीस. "पंचवीस पायऱ्या होत्या."

तेव्हा आपण नागपूरच्या घरी मावशीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली. मी सांगितलेली ओळ तिने नागपूरच्या कॉम्प्युटरवर टाइप केली आणि त्याची ओळख पटवणारी त्रेचाळीस अक्षरं तिच्यासमोर आली. ती वाचतेय आणि तू आपल्या स्क्रीनवर बोट ठेवून पडताळतेयस. "मोठा क्यू." "हं." "छोटा एक्स." "हं." "मग गोल." "गोल म्हणजे ओ की शून्य?" "ताई, गोल म्हणजे गोल." मध्येच "थांब, दूध" म्हणून ती गेली, आणि परत आल्यावर कुठे होतो ते दोघींनाही आठवेना, म्हणून पहिल्यापासून. मी आठची मीटिंग कॅन्सल केली. माझी लेक सिरियल खाता खाता म्हणाली, "मॉम, इज आजी हॅकिंग समबडी?" त्रेचाळिसावं अक्षर जुळल्यावर तू येस टाइप केलंस. पेपर एका सेकंदात पोचला. "एवढंच?" मावशी म्हणाली. "एवढ्या वेळात मी विमानाने येऊन घेऊन गेले असते."

तुला जाऊन सहा वर्षं झाली. आज ऑफिसात औषधाच्या चाचणीतल्या पेशंटांच्या फाइल्स दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायच्या होत्या, आणि स्क्रीनवर इशारा आला की समोरच्या मशीनची ओळख बदलली आहे. शेजारची पुण्याची मैत्रीण म्हणाली, "अगं यार, जुनी ओळख डिलीट कर आणि पुढे जा, सर्व्हर बदलला असेल." माझी बोटं तेच करायला निघाली होती. पण मी तो सर्व्हर सांभाळणाऱ्यांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने वैतागून सर्व्हरची अक्षरं वाचली, आणि पहिलंच जुळेना. तो पत्ता दरम्यान ट्रेनिंगच्या मशीनला दिला गेला होता, जिथे बिल्डिंगमधलं कोणीही लॉगिन करू शकतं. नावांसकट माणसांचे आजार तिथे जाऊन पडले असते.

दुपारी मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, तुला हे सुचलं कसं? मी म्हटलं, स्टँडर्ड प्रॅक्टिस. टाळ्या वाजल्या. हे पत्र कुठे जायचं नाही, लॅपटॉपवरच राहील, म्हणून लिहिते. तुझं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं नाही, कारण मग हेही सांगावं लागलं असतं की अठरा वर्षांच्या नोकरीत मी स्वतः ती अक्षरं आज पहिल्यांदा पडताळली.